दुकानाची स्कीम, वजावट माझ्या बिलातून

चटणीवाली, गडहिंग्लज

नमस्कार. इथं स्वतः काहीतरी बनवून दुकानांना देणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. लांबेल थोडं, पण आकड्यांशिवाय सांगितलं तर नुसती कुरकुर वाटेल.

आमचं गाव गडहिंग्लजपासून सात किलोमीटरवर. मी, सासूबाई, धाकट्या जाऊबाई आणि गल्लीतल्या चार बायका मिळून चटणी करतो. चटणी म्हणजे पुण्यामुंबईकडं ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती. आमच्याकडं नुसतं चटणी म्हटलं की तीच. तिखटाला संकेश्वरी मिरची, तिचे सौदे इथंच बाजार समितीत निघतात, आणि रंगाला ब्याडगी. हंगामात मिरची घेऊन, वाळवून ठेवतो आणि वर्षभर महिन्याला दोन घाणे काढतो. देठं खुडणं, खोबरं भाजणं, लसूण सोलणं, कांदा तळणं घरात. कुटायचं तेवढं डंकावर, म्हणजे गावातल्या कांडप यंत्रावर. सासूबाई डंकाशी स्वतः उभ्या राहतात, कारण आधीच्या कुणाची हळद नाहीतर धने डंकात राहिले असतील तर पहिल्या दोन किलोंचा वास बदलतो. त्या तो माल वेगळा काढून घरात वापरायला ठेवतात, पाकिटात जाऊ देत नाहीत.

२०२३ च्या डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रेत एका बचत गटाबरोबर गेले होते. तिथं एका दुकानदारांनी चटणी चाखली, पत्ता घेतला, आणि महिन्याभरात आमचं पाकीट त्यांच्या दुकानात लागलं. दुकान चांगलं आहे, पारंपरिक खाण्याच्या वस्तूंचं, तीन शाखा आहेत. नाव सांगत नाही. माणूस वाईट नाही, हेही आधीच सांगते.

ठरलं ते असं. पाव किलोच्या पाकिटावर एमआरपी २२०. त्यातले ३५ टक्के दुकानाचे, म्हणजे ७७. मला १४३. पैसे महिन्याभरात. मुदत संपलेली पाकिटं मी परत घ्यायची. हे सगळं तोंडी, नंतर व्हॉट्सॲपवर दोन ओळी. मी तेव्हा एवढी हरखले होते की जास्त काही विचारलंच नाही.

आता खर्च. एका घाण्याला दहा किलो मिरची लागते, त्यातून २६ किलो चटणी निघते, म्हणजे १०४ पाकिटं. मिरची ३४८०, खोबरं तीन किलो १०८०, लसूण ६४०, खडा मसाला ११००, तेल ४५०, धने ४२०, कांदा-तीळ-मीठ मिळून ४२५, कांडप १०००, गॅस ४००, आणि चार बायकांची दोन दिवसांची हजेरी ३५० प्रमाणे २८००. बेरीज ११,७९५. पाकिटाला ११३ आणि वर पाकीट, लेबल, खोका, एसटीचं पार्सल धरून १७. एकूण १३० रुपये.

पहिल्या वर्षी हाच आकडा १२१ होता. मिरचीत घाण्यामागं ३०० वाचले हे खरं, पण खोबऱ्यात ५१० वाढले. २०२५ मध्ये खोबरं कुठं जाऊन पोचलं ते ज्यांच्या घरात वाटण होतं त्यांना सांगायला नको. तेल १२० नं वाढलं, सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं तेव्हापासून डबा उतरलाच नाही. हजेरी ३०० ची ३५० केली, ती करायलाच हवी होती. पाकीट-पार्सल दोन रुपयांनी महाग झालं. म्हणून मी मागच्या जूनमध्ये दुकानदारांना म्हटलं, एमआरपी २४० करूया.

ते म्हणाले, "ताई, मिरची तर पडलीय. ब्याडगीच्या बाजारात भाव कोसळला म्हणून शेतकऱ्यांनी जाळपोळ केलेली बातमी मी वाचलीय. तुम्ही भाव उतरवायचा सोडून चढवता?" बातमी खरी होती, मार्च २०२४ मधली. पण चटणी म्हणजे नुसती मिरची नाही हे मला फोनवर धड सांगता आलं नाही. ते म्हणाले, २२० च्या वर हे पाकीट हलणार नाही. मी गप्प बसले.

मग दिवाळी आली. १२ ऑक्टोबरला मी १८० पाकिटं पाठवली. दुकानानं दिवाळीत "सर्व मसाल्यांवर १० टक्के सूट" लावली होती. मला त्यांच्या जाहिरातीतून कळलं. मला वाटलं, त्यांची सूट आहे, त्यांच्या पदरची असेल. पैसे आले संक्रांत झाल्यावर, १६ जानेवारीला, म्हणजे ९६ दिवसांनी. १८० पाकिटांचे २५,७४० यायला हवे होते. हिशेबाच्या कागदावर "स्कीम वजा ३९६०" आणि "परत माल १४ नग, २००२" असं लिहून १९,७७८ जमा केले. परत मालाचं मला काही म्हणायचं नाही, ते ठरलेलं होतं. पण ३९६० म्हणजे पाकिटामागं २२ रुपये. सगळी सूट माझ्या बिलातून. मला पाकिटाचे १२१ पडले आणि मला ते पडलं होतं १३० ला. दिवाळीत सगळ्यात जास्त माल गेला आणि मी प्रत्येक पाकिटावर नऊ रुपये घालवले.

फोन केला तर म्हणाले, स्कीम कंपनीच देते, सगळ्याच कंपन्या देतात. मी म्हटलं, कंपनीनं दिली तर ठीक, मी कधी दिली? त्यावर त्यांनी वेगळंच काढलं. पुण्यातल्या बारा-पंधरा घरांना मी थेट पाठवते, २०० रुपये पाकीट आणि कुरिअर वेगळं. हे त्यांच्या एका गिऱ्हाईकानं त्यांना सांगितलं. "आमच्या दुकानात ओळख होते आणि माल तुम्ही घरपोच स्वस्तात देता, मग आमचं काय?" यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे मला आत्ताही सुचत नाहीये.

दुकानात आमचा जवळजवळ एक तृतीयांश माल जातो. सासूबाई म्हणतात, दुकान सोडू नको, पुण्यात आपल्या नावाचं पाकीट फळीवर उभं आहे हे लहान नाही. नवरा म्हणतो, तोट्यात उभं राहून काय करायचं. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही स्कीमची वजावट रीतीला धरून आहे का? थेट २०० ला विकते ते माझं चुकतंय का? आणि २४० कसे मागायचे?

फळीमागचा, सातारा

ताई, मी दुसऱ्या बाजूचा आहे. साताऱ्यात बावीस वर्षं दुकान चालवतोय, आणि तुमच्यासारख्या पंधरा-वीस घरगुती माल करणाऱ्यांचा माल ठेवतो. तेव्हा स्पष्ट लिहितो.

आधी ३५ टक्क्यांचं. बाहेरून ते फार वाटतं. बिस्किटाच्या पुड्यावर मला आठ-दहा टक्के सुटतात, पण तो पुडा सकाळी फळीवर आला की संध्याकाळी गेलेला असतो. तुमचं पाकीट माझ्याकडं सरासरी महिना-दीड महिना उभं राहील. त्या जागेचं भाडं, पोरांचे पगार, वीज आणि गिऱ्हाईकाला उभं राहून "यात गरम मसाला वेगळा घालावा लागत नाही" हे सांगण्याचा वेळ, सगळं त्या ७७ मध्ये बसतं. त्यामुळं एमआरपीवर तीस-पस्तीस टक्के ही लूट नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की हे ३५ टक्के एमआरपीवर मोजलेले आहेत. तुमच्या १४३ वर मोजले तर ७७ म्हणजे ५४ टक्के होतात. नवीन मंडळींचं इथं फार वेळा फसतं. एका लोणचंवाल्या काकूंनी माझ्याशी ३० टक्के ठरवले ते स्वतःच्या भावावर समजून, मी धरले एमआरपीवर. पहिल्या बिलाला दोघांनाही वाटलं समोरचा फसवतोय. तेव्हापासून मी टक्के बोलतच नाही, "तुमच्या हातात अमुक रुपये" असंच बोलतो.

आता स्कीम. इथं त्यांचं चुकलं, आणि मी दुकानदार असून सांगतो. मोठ्या कंपन्या स्कीम देतात तेव्हा कंपनीचा माणूस आधी येऊन सांगतो, कागद देतो, तारखा देतो. न विचारता वजा करणं ही स्कीम नव्हे. आणि हिशेब बघा. गिऱ्हाईकानं दिले १९८. दुकानानं ठेवले पूर्ण ७७. म्हणजे सूट लावल्यावर दुकानाचा वाटा ३५ वरून ३९ टक्क्यांवर गेला. सूट दिल्यानं दुकानाचा वाटा वाढला, हे त्यांच्या समोर कागदावर मांडा. बहुतेक त्यांनी हे असं मोजलेलंच नसणार. निम्मी-निम्मी सूट वाटून घेतली असती तर तुम्हाला १३२ आले असते. ठरलेल्या वाट्यानं, म्हणजे १९८ चे ६५ टक्के धरले तरी १२८ रुपये ७० पैसे.

पण थेट २०० ला विकण्याच्या गोष्टीत मी त्यांच्या बाजूनं आहे. ज्या शहरात दुकान तुमचं पाकीट २२० ला विकतंय, त्याच शहरात तुम्ही २०० ला देऊ नका. कायद्यानं तुम्हाला कुणी अडवत नाही, एमआरपी ही वरची मर्यादा आहे, खाली कितीलाही विका. पण दुकानदाराला ते लागतं. माझ्याकडं एक बाई नाचणीची बिस्किटं ठेवायच्या. त्यांच्या खोक्यावर आत चिठ्ठी निघाली, "थेट मागवा, स्वस्त पडेल". मी दुसऱ्या दिवशी माल परत केला. थेट विकाच, पण दुकानाच्याच भावानं विका आणि गिऱ्हाईकाला द्यायचंच असेल तर कुरिअर स्वतःकडून द्या. तुम्हाला तरीही दुकानापेक्षा जास्त सुटतील.

माग-येवला

ताई, मी पैठणी विणतो. धंदा वेगळा, दुखणं तेच.

आमच्याकडं जांगड चालतं. म्हणजे साडी दुकानात द्यायची, विकली तर पैसे, नाही तर साडी परत. दोन वर्षांपूर्वी मी एक साडी परगावच्या एका दुकानात जांगड दिली. दीड महिना मागावर होती, पदरावर मोर आणि काठाला नारळी. १८,५०० मला मिळायचे ठरले. पाच महिने साडी त्यांच्याकडं. विचारलं की "गिऱ्हाईक बघून गेलंय, येईल". पाच महिन्यांनी फोन आला, "१५,००० ला सोडा, घडीवर जरीचे धागे घासलेत." घडी त्यांच्याच कपाटात पडली होती, आणि शेजारी यंत्रमागाची साडी पैठणी म्हणून चार हजारांना टांगलेली. मी जाऊन साडी उचलून आणली. पुढं ओळखीच्या एका घरी १७,००० ला गेली. १,५०० चा तोटा झाला, पण त्याहून वाईट म्हणजे ते पाच महिने. तेवढ्यात रेशीम उचलायला पैसे नव्हते म्हणून माग बारा दिवस बंद होता.

तेव्हापासून जांगडच्या चिठ्ठीवर मी दोन गोष्टी लिहून सही घेतो. ३० दिवसांत परत केली नाही तर विकली असं धरायचं. आणि भाव तोच, कमी करायचा तर आधी फोन. पहिल्या वेळी दोन दुकानांनी सही करायला नकार दिला. त्यांच्याकडं आता माल देत नाही. बाकीच्यांनी केली.

तुमच्या हिशेबात मला एक गोष्ट दिसली नाही, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. चार बायकांची हजेरी धरलीत. तुमची स्वतःची, सासूबाईंची आणि जाऊबाईंची कुठं आहे? आमच्याकडं हेच होतं. मी मागावर बसतो ते मोजतो. बायको कांड्या भरते, ताणा जोडायला मदत करते, ते कधी मोजलंच नाही. एकदा मुलीनं बसून मोजलं, तेव्हा कळलं की ज्या साडीवर मला तीन हजार सुटले असं मी समजत होतो ती तिची मजुरी होती.

चटणीवाली, गडहिंग्लज

दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद रात्री वाचला आणि झोप लागली नाही. सकाळी उठून केला हिशेब. आम्ही तिघी, दोन दिवस, ३५० प्रमाणे २१००. १०४ पाकिटांनी भागलं तर वीस रुपये. म्हणजे पाकीट १३० ला पडत नाही, १५० ला पडतं. आणि मला मिळतात १४३.

म्हणजे दिवाळीची स्कीम सोडाच, पहिल्या वर्षी १२१ ला पडत होतं तेव्हाही आमची मजुरी तेव्हाच्या ३०० नं धरली तर जेमतेम पाच रुपये सुटत होते. तेव्हा मी "पाकिटाला बावीस सुटतात" म्हणून खुशीत होते. त्यातले बहुतेक आमच्या तिघींच्या हाताचे होते. मी २४० मागत होते, त्यातही सहाच रुपये राहणार होते.

फळीमागच्या दादा, २०० चं तुम्ही म्हणता ते पटलं. मला त्यात एवढंच दिसत होतं की दुकान नसताना स्वस्त द्यायला काय हरकत आहे. त्यांनी फळीवर ओळख करून दिली त्याचं मोल मी धरलं नव्हतं.

रातांबा, कुडाळ

वजन कमी करायचा सल्ला कुणी देईल, म्हणून आधीच सांगते, करू नका. आम्ही कोकम आगळाची बाटली ७५० ची ७०० मिलिलिटर केली, भाव तोच ठेवला. लेबलवर खरं लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी फोन करून विचारलं, "गे, बाटली बारकी केलंस काय?" मला लाज वाटली. दर वाढवल्यावर दोन गिऱ्हाइकं गेली होती, बाटली लहान केल्यावर सहा गेली. पुढच्या हंगामात परत ७५० केली.

खतावणी

मी हिशेबनीस आहे, छोट्या उत्पादकांची खाती बघतो. कायद्याचा भाग लिहितो, ताईंना बोलायला जाताना उपयोगी पडेल.

आधी हे ठरवा की तुमचा व्यवहार विक्रीचा आहे की जांगडचा. येवल्याच्या दादांचा जांगडचा आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात त्याला वेगळं कलम आहे, २४ वं. मुदत ठरली असेल आणि ती संपेपर्यंत माल परत केला नाही तर तो विकला असंच धरतात, मुदत ठरली नसेल तर वाजवी काळ. दादांनी चिठ्ठीवर जे लिहून घेतलं ते कायद्याला धरूनच आहे. ताई, तुमचा व्यवहार मात्र विक्रीचा दिसतो. माल गेला, बिल गेलं, भाव १४३ ठरलेला. फक्त मुदत संपलेला माल परत घ्यायची अट. मग विक्री झाल्यावर एका बाजूनं भाव कमी करता येत नाही. ते ३९६० स्कीम नाहीत, तुमची बाकी आहे. वहीत बाकी म्हणूनच ठेवा, सोडून दिल्यासारखं लिहू नका.

दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारकडं होणारी नोंदणी, आहे का? नसेल तर आजच करा. संकेतस्थळावर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. नोंदणी माल देण्याच्या आधीची असली की नंतर वाद राहत नाही. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, आणि ती मुदत काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढं नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तुमचे ९६ दिवस लागले. तक्रारीसाठी सरकारी संकेतस्थळ आहे, तिथून प्रकरण सुलभीकरण परिषदेकडं, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या सरकारी मंडळाकडं जातं.

आयकरातही एक तरतूद आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३ब मधलं (एच)), करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेली. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर दुकानदाराला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. याचं अनेक जण जास्तच भय घालतात, म्हणून सांगतो. तुमचं बिल ऑक्टोबरचं, पैसे जानेवारीत, दोन्ही एकाच आर्थिक वर्षात. तिथं त्यांचं काही अडलं नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीची बिलं मार्चअखेर थकली तर त्यांचा स्वतःचा सीए त्यांना विचारेल. नोंदणी क्रमांक बिलावर छापा, एवढं पुरे होतं. माझ्या अनुभवात निम्मे दुकानदार तो क्रमांक बघूनच वेळेवर पैसे देतात.

सूट देऊच नका असं तुम्ही दुकानाला बजावू नका. वितरकांनी किती सूट द्यायची यावर बंधन घातलं म्हणून २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं मारुतीला २०० कोटींचा दंड लावला होता. तुमच्या आकाराच्या उद्योगाला असं काही होणार नाही, पण तत्त्व समजून घ्या. दुकानानं आपल्या ७७ मधून काय सोडायचं ते त्यांचं, तुमच्या १४३ ला हात लावायचा तर तुम्हाला विचारून.

आणि भाव वाढवताना जुन्या पाकिटावरची छापील किंमत खोडून किंवा वर चिठ्ठी डकवून वाढवू नका, ते चालत नाही. नवीन घाणा, नवीन छपाई, नवीन किंमत.

पण ताई, तक्रार हा शेवटचा उपाय. तिथं गेलात की ते दुकान संपलं असं समजून जा. आधी कागद घेऊन समोर बसा. फोनवर नको.

चटणीवाली, गडहिंग्लज

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

उद्यम नोंदणी झाली, मुलानं अर्ध्या तासात करून दिली. ५ फेब्रुवारीला रात्रीच्या एसटीनं पुण्याला गेले. दुकान उघडायच्या आधी अर्धा तास त्यांनी वेळ दिला होता. मी घाण्याचा पूर्ण हिशेब एका कागदावर लिहून नेला होता, मिरची उतरली तेही लिहिलं होतं, मुद्दाम सगळ्यात वर. त्यांनी तो शांतपणे वाचला. खोबऱ्याजवळ थांबले, म्हणाले, आमच्याकडंही सुक्या खोबऱ्याचं गिऱ्हाईक तुटलंय. हजेरीत सात नावं बघून विचारलं, "या तिघी कोण?" मी म्हटलं, "मी, माझ्या सासूबाई आणि जाऊ." ते काही बोलले नाहीत, पण मला वाटतं तिथं त्यांना समजलं.

मग १९८ मधले ७७ दाखवले. त्यांनी स्वतः मोबाईलवर भागून बघितलं, दोनदा. म्हणाले, हे हिशेबनीस करतो, सगळ्या घरगुती मालाला एकच वजावट लावली गेली. मी २०० चं आधी कबूल केलं. म्हटलं, ते माझं चुकलं, या महिन्यापासून पुण्यात थेट भाव दुकानाइतकाच, दोन पाकिटांवर कुरिअर माझ्याकडं. हे मी बोलल्यावर त्यांचा सूर बदलला. आधी मी पैशांचं काढलं असतं तर बहुधा भांडणच झालं असतं.

३९६० पैकी निम्मे, १९८०, त्यांनी पुढच्या बिलात द्यायचं कबूल केलं. बाकीच्या निम्म्यांबद्दल "दिवाळीत माल तर खपला की तुमचा" म्हणाले. मी हो म्हटलं नाही. खतावणी दादांनी सांगितल्याप्रमाणे वहीत बाकी ठेवलेत.

भावाचं अजून पक्कं नाही. मी २५० मागितले, म्हणजे माझ्या हातात १६२ रुपये ५० पैसे. ते २३० वर अडले होते. शेवटी म्हणाले, नवीन छपाईची ६० पाकिटं पाठवा, एकाच शाखेत २५० ला लावतो, महिन्याभरात संपली तर पुढचं बोलू, नाही संपली तर तुम्ही भाव उतरवायचा किंवा माल उचलायचा. पैसे ३० दिवसांत, सूट लावायची तर आधी फोन आणि निम्मी-निम्मी. हे चारही मुद्दे मी तिथंच कागदावर लिहिले आणि आम्ही दोघांनी सही केली. थेट घेणाऱ्या घरांपैकी दोघांनी नवा भाव ऐकून नको म्हटलं. एक त्यातलं जुनं होतं, पहिल्या वर्षापासूनचं. त्याचं वाईट वाटलं.

परवा घाणा काढला. हजेरीच्या वहीत पहिल्यांदा सासूबाईंचं नाव लिहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याच घरात मला हजेरी कशाला गं?" मी म्हटलं, पाकिटाच्या किमतीत धरलीय, आता द्यायलाच लागेल. शनिवारी चार बायकांबरोबर त्यांनाही दोन दिवसांचे ७०० दिले. त्यांनी दोनदा मोजून घेतले, कनवटीला लावले आणि परत लसूण सोलायला बसल्या.

६० पाकिटांचा खोका काल रात्रीच्या गाडीनं गेलाय. बिलावर नोंदणी क्रमांक आहे, आणि खाली ३० दिवसांची तारीख. मार्चमध्ये किती राहिली ते इथंच लिहीन.